मनुष्याचे मूळ : ख्रिस्तपुराण आणि अग्गञ्ञसुत्त

पनवेलजवळच्या कर्नाळ्याने अनेक सत्ता पाहिल्या. १५४० मध्ये गुजरातचे सरदार व निजामशाही यांच्या झगड्यात वसईच्या पोर्तुगीजांनी हा गड घेतला. पुढे वार्षिक ५,००० सुवर्ण पर्दावांच्या अटीवर तो निजामशहास सोडून दिला. गडावरील त्यांचे सैन्य लवकरच गेले. परंतु पोर्तुगीज सत्तेबरोबर या किनाऱ्यावर आलेला ख्रिस्ती विचार मराठीत स्थिरावला.

त्याचा सर्वांत समर्थ ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. सुमारे ११,००० ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती व आदिदांपत्याचे पतन येते. ख्रिस्ती मतानुसार देवाने मातीपासून मनुष्य घडविला, त्यात प्राण फुंकला व त्यास आपले प्रतिरूप दिले. कॅथलिक परंपरा म्हणते की, प्रत्येकाचा आत्मा देव नव्याने निर्माण करतो. त्यास पूर्वजन्म नाही. मात्र आदामाच्या आज्ञाभंगाचा दोष वंशपरंपरेने सर्वांस लागतो. या मूळपापाच्या सिद्धान्तास संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी निश्चित रूप दिले. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. ओळखीच्या शब्दांतून त्यांना अगदी वेगळा मनुष्य सांगावयाचा होता.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तातही आरंभकथा आहे. तीत निर्माता नाही. आभस्सर लोकातून आलेले तेजोमय प्राणी रसपृथ्वी चाखतात, तृष्णा उपजते, देह जड होतात व तेज लोपते. पुढे धान्याचा साठा, मालकी, चोरी व दंड येतात. येथे अधःपतनाचे कारण आज्ञाभंग नसून तृष्णा आहे. म्हणून उपायही कृपेचा नसून आचरणाचा आहे. शिवाय नित्य आत्मा बौद्ध विचारास मान्य नाही. हा भेद पुसून टाकणे दोन्ही परंपरांवर अन्यायाचे होईल.

तथापि एका ठिकाणी दोन्ही कथा जवळ येतात. ब्राह्मण कुळातून आलेल्या वासेट्ठ व भारद्वाज यांना स्वजातीयांची निंदा सोसावी लागली. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले या दाव्यास तथागतांनी उत्तर दिले, की ब्राह्मणही मातेच्याच उदरी जन्मतात. एकाच दांपत्यापासून सारी मानवजात झाली, हे ख्रिस्ती मतही जन्मश्रेष्ठत्व नाकारते.

असे असूनही गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर हे भेद टिकले. यावरून केवळ ख्रिस्ती बांधवांस दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. आरंभकथा समतेची असली तरी समाज आपोआप समतेचा होत नाही, हा प्रश्न आपणही स्वतःस विचारला पाहिजे.