स्मार्टफोन : तुलनेच्या कसोट्यांचा इतिहास

स्मार्टफोन : दूरध्वनी, लहान संगणक व कॅमेरा या तिहींची कामे करणारे, तळहातात मावणारे विद्युत् उपकरण. हाताशी असलेला स्मार्टफोन बदलून नवा घेताना ग्राहक सामान्यतः तीन बाबींची तुलना करतो : कॅमेऱ्याची क्षमता, एकदा भारित केलेली विद्युत् घटमाला (बॅटरी) किती वेळ पुरते आणि उपकरणातील परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) कोणती आहे. या तीनही कसोट्या एकाच वेळी प्रचारात आल्या नाहीत. प्रत्येकीचा इतिहास वेगळा आहे. प्रारंभी गुणवत्तेचे बऱ्यापैकी विश्वसनीय निदर्शक असलेले आकडे पुढे मुख्यत्वे जाहिरातीचे आकडे बनले, असे या इतिहासात दिसून येते. उपकरण किती वर्षे वापरता येईल, हा ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक प्रश्न मात्र खोक्यावर छापलेल्या माहितीत दीर्घकाळ नव्हताच.

या वर्गातील पहिले विक्रीस आलेले उपकरण म्हणजे आयबीएम कंपनीचा ‘सायमन’ होय. त्याचा नमुना १९९२ मध्ये प्रदर्शित करण्यात आला व ऑगस्ट १९९४ पासून बेलसाउथ कंपनीमार्फत अमेरिकेत त्याची विक्री सुरू झाली. त्यात स्पर्शपटल, दिनदर्शिका, पत्त्यांची वही, फॅक्स व ई-मेल यांच्या सोयी होत्या, कॅमेरा नव्हता. बॅटरी सु. एक तासाच्या संभाषणापुरतीच टिके. सु. ५०,००० नग खपल्यावर सहा-सात महिन्यांतच विक्री थांबली. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी साधलेला संपर्क हे देशातील पहिले मोबाइल संभाषण मानले जाते. त्या काळी येणाऱ्या दूरध्वनीसाठीही पैसे मोजावे लागत. साहजिकच फोनसंचांच्या गुणदोषांपेक्षा दर मिनिटाच्या आकाराची तुलना अधिक महत्त्वाची होती.

कॅमेरा ही कसोटी जपानमधून आली. विल्यर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत शोधलेला सीसीडी हा प्रतिमा संवेदक उत्तम असला, तरी त्याला वीज पुष्कळ लागे. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या संस्थेत एरिक फॉसम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत विकसित केलेल्या सीमॉस संवेदकामुळे ही अडचण दूर झाली. अवकाशयानांसाठी हाती घेतलेल्या या संशोधनाचा सर्वांत मोठा उपयोग खिशातील फोनला झाला. १९९९ मध्ये क्योसेरा कंपनीने व २००० मध्ये शार्प कंपनीने जपानमध्ये कॅमेरायुक्त फोन आणले. त्यांची प्रतिमा सु. १ लाख १० हजार चित्रबिंदूंची (पिक्सेलची) होती. नोकियाच्या २००२ मधील ‘७६५०’ या फोनात ती सु. ३ लाखांवर, तर २००७ मधील ‘एन ९५’ या फोनात ५० लाखांवर, म्हणजे ५ मेगॅपिक्सेलवर, गेली. या दशकात मेगॅपिक्सेलचा आकडा खरोखरच काही सांगत असे. १ लाख चित्रबिंदूंची प्रतिमा फोनच्या पडद्यावरच काय ती पाहता येई. ५० लाख चित्रबिंदूंचे छायाचित्र छापून भिंतीवर लावता येई.

त्यानंतर मात्र हा आकडा फसवा ठरू लागला. प्रतिमेची गुणवत्ता संवेदकावर एकूण किती प्रकाश पडतो यावर प्रामुख्याने अवलंबून असते. फोनची जाडी मर्यादित असल्याने भिंग व संवेदक फार मोठे करता येत नाहीत. तेवढ्याच क्षेत्रात अधिक चित्रबिंदू बसविल्यास प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो आणि मंद उजेडातील छायाचित्र कणीदार दिसते. ‘नोकिया ८०८ प्यूअरव्ह्यू’ (२०१२) या फोनात ४१ मेगॅपिक्सेलचा संवेदक होता. परंतु तो आकारानेही असामान्य मोठा होता आणि अनेक चित्रबिंदूंची माहिती एकत्र करून त्यापासून ५ मेगॅपिक्सेलची निर्मळ प्रतिमा तयार करण्यात येई. हीच युक्ती २०१८ पासून ४८ मेगॅपिक्सेलच्या लहान संवेदकांत वापरण्यात आली. त्यांतील एकेका चित्रबिंदूची बाजू अवघी ०·८ मायक्रॉन असल्याने चार शेजारी बिंदू मिळून एक बिंदू धरतात. परिणामी खोक्यावर ४८ हा आकडा असला, तरी नेहमीच्या वापरात छायाचित्र १२ मेगॅपिक्सेलचेच मिळते. स्वस्त फोनांच्या पाठीवर २ मेगॅपिक्सेलचे एक-दोन जादा कॅमेरे बसवून भिंगांची संख्या वाढविण्याची जी प्रथा पुढे पडली, तिचे समर्थन करणे त्याहूनही कठीण आहे.

खरी प्रगती दुसऱ्याच दिशेने झाली. कमी काळ उघडीप दिलेल्या अनेक प्रतिमा क्षणार्धात घेऊन, त्या एकमेकींवर जुळवून, एकच स्वच्छ छायाचित्र तयार करण्याची पद्धत गूगल कंपनीने २०१३ मध्ये ‘नेक्सस’ फोनांत व नंतर ‘पिक्सेल’ फोनांत (२०१६) रूढ केली. २०१८ मध्ये तिच्याच आधारे जवळजवळ अंधारातील छायाचित्रण शक्य झाले. पिक्सेल फोनात मागील बाजूस तेव्हा एकच कॅमेरा होता. याचा अर्थ असा की, कॅमेऱ्याची गुणवत्ता आता भिंगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आज्ञावलीवर (सॉफ्टवेअरवर) अवलंबून आहे. भिंगांचे आकडे समान असलेले दोन फोन एकाच खोलीत अगदी भिन्न छायाचित्रे देतात, याचे कारण हेच होय.

बॅटरीच्या कसोटीचा इतिहास रसायनशास्त्राचा आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व अकिरा योशिनो यांच्या १९७० ते १९८५ या काळातील संशोधनातून लिथियम-आयन घट साकार झाला व सोनी कंपनीने १९९१ मध्ये तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. घटाची क्षमता मिलिअँपिअर-तासांत सांगतात. तथापि हे एकक विद्युत् भाराचे आहे, वेळेचे नव्हे. २००३ मध्ये आलेल्या व भारतात अतिशय लोकप्रिय झालेल्या ‘नोकिया ११००’ या साध्या फोनाची बॅटरी सु. ८५० मिलिअँपिअर-तासांची होती व ती अनेक दिवस पुरे. आजचा ५,००० मिलिअँपिअर-तासांचा स्मार्टफोन बहुधा दुसऱ्या दिवशी भारित करावा लागतो. मोठा प्रकाशमान पडदा, सतत चालू असलेले आंतरजाल आणि पार्श्वभूमीवर चालणारी ॲप वाढीव क्षमता खाऊन टाकतात. म्हणून समान क्षमतेच्या दोन फोनांतही एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी तास अधिक चालू शकतो.

क्षमतेपेक्षा महत्त्वाचा, परंतु तुलनेत क्वचितच विचारला जाणारा मुद्दा म्हणजे बॅटरी बदलता येते की नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या ‘बीएल-५सी’ या नमुन्याच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या शक्यतेमुळे बदलून देण्याचे जाहीर केले. ग्राहकाला फोनचे मागचे झाकण काढून बॅटरीवरील क्रमांक पाहावयाचा होता. फोन त्याच्याकडेच राहणार होता. याच वर्षी आलेल्या ॲपल कंपनीच्या आयफोनमध्ये बॅटरी आतच बंदिस्त होती. फोन सडपातळ व पुढे जलरोधक करण्याच्या हेतूने इतरांनीही तोच मार्ग धरला. सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी एस’ मालिकेत काढता येणारी बॅटरी २०१४ पर्यंत होती. २०१६ मध्ये सॅमसंगच्या ‘नोट ७’ या फोनांच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा सु. २५ लाख फोनच परत मागविण्याची पाळी आली. बदलून दिलेले फोनही पेटल्यावर ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या नमुन्याचे उत्पादन कायमचे बंद करण्यात आले. दोष घटाचा होता, परंतु घटाबरोबर संपूर्ण फोन निकामी ठरला.

पेट घेणे हा अपवाद; जीर्ण होणे हा नियम. लिथियम-आयन घट सु. ५०० ते १,००० भारणचक्रांनंतर मूळ क्षमतेच्या सु. ८० टक्क्यांवर येतो आणि त्याची एकाएकी अधिक वीज पुरविण्याची ताकदही घटते. फोन अकस्मात बंद पडू नये म्हणून जीर्ण बॅटरी असलेल्या आयफोनांचा वेग परिचालन प्रणालीच्या नव्या आवृत्तीद्वारे कमी करण्यात आल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. तांत्रिक दृष्ट्या हा उपाय समर्थनीय होता. तो ग्राहकाला न सांगणे मात्र समर्थनीय नव्हते. नवी बॅटरी घातल्यास वेग पूर्ववत होतो, हे ठाऊक नसल्याने फोनच जुना झाला अशी अनेकांची समजूत होणे स्वाभाविक होते. कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचे शुल्क ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणले. २०२० मध्ये फ्रान्समध्ये तिला २·५ कोटी यूरोंचा दंड झाला व अमेरिकेतील दाव्यांत तिने कमाल ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.

परिचालन प्रणाली ही तिसरी कसोटी सर्वांत उशिरा ग्राहकाच्या लक्षात आली, पण उपकरणाचे आयुष्य प्रायः तीच ठरविते. सायन कंपनीच्या प्रणालीवर आधारित ‘सिंबियन’ १९९८ मध्ये नोकिया, एरिक्सन व मोटोरोला यांच्या सहभागाने सुरू झाली. पाम, विंडोज व ब्लॅकबेरी यांच्या प्रणालीही त्या काळी प्रचलित होत्या. ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर झाला व जुलै २००८ मध्ये ५०० ॲप घेऊन त्याचे ॲप-भांडार उघडले. गूगलने २००५ मध्ये विकत घेतलेल्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आला. तेव्हापासून प्रणालीची तुलना तिच्या मांडणीवरून न होता तिच्यासाठी किती ॲप उपलब्ध आहेत यावरून होऊ लागली, आणि या स्पर्धेत जुन्या प्रणाली भराभर मागे पडल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा स्वीकार केला. तीही प्रणाली टिकली नाही व जानेवारी २०२० मध्ये तिचे साहाय्य संपले. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या. ४१ मेगॅपिक्सेलचा तो नोकिया ८०८ सिंबियनवर चालत होता. त्याचा कॅमेरा अजोड होता व बॅटरी काढून बदलता येत होती. तरीही त्याला भवितव्य उरले नव्हते. व्हॉट्सॲपने सिंबियनवरील सेवा जून २०१७ अखेर बंद केली आणि फेब्रुवारी २०२० पासून अँड्रॉइड २·३·७ पर्यंतच्या आवृत्त्यांवरीलही सेवा थांबविली. अशा वेळी यंत्र धडधाकट असूनही ते घेण्याचा हेतूच नाहीसा होतो.

मराठी वाचकांच्या दृष्टीने नव्या आवृत्तीला आणखी एक महत्त्व होते. सुरुवातीच्या अँड्रॉइड आवृत्त्यांत देवनागरी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत किंवा जोडाक्षरे तुटत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न पडता नंतर पडे. फोनच्या सूचनांसाठी मराठी भाषा २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत आली. परंतु त्यापूर्वी घेतलेल्या स्वस्त फोनांपैकी बहुतेकांपर्यंत ती पोहोचलीच नाही. याचे कारण अँड्रॉइडच्या रचनेत आहे. गूगलने तयार केलेली आवृत्ती प्रथम चिप बनविणाऱ्या कंपनीकडे व मग फोन बनविणाऱ्या कंपनीकडे जाते. विकून झालेल्या फोनासाठी हे काम करण्यात दोघींनाही फारसा लाभ नसतो. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस या कंपन्यांसह भारतातच ‘अँड्रॉइड वन’ ही योजना आरंभिली. ६,३९९ रुपयांपासूनच्या फोनांना नव्या आवृत्त्या थेट मिळाव्यात हा तिचा हेतू स्तुत्य होता; या वर्गातील ग्राहकांवर तिचा फारसा प्रभाव पडला नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइडची रचना बदलून चिपशी संबंधित भाग वेगळा करण्यात आला, तेव्हा हे काम काहीसे सुकर झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने ‘पिक्सेल ८’ साठी व जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने ‘गॅलेक्सी एस २४’ साठी सात वर्षांपर्यंत नव्या आवृत्त्या देण्याचे जाहीर केले. हे फोन महागड्या श्रेणीतील आहेत. कमी किंमतीचा फोन घेणाऱ्यास, म्हणजे ज्याला तो अधिक वर्षे वापरणे भाग असते त्यास, सामान्यतः कमी वर्षांचे आश्वासन मिळते.

आयुर्मानाची माहिती देणे बंधनकारक करण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. यूरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या नमुन्यांवर एका भारणातील टिकाऊपणा, भारणचक्रांची संख्या व दुरुस्तीची सुलभता दर्शविणारे पत्रक आवश्यक आहे. ८०० चक्रांनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, अशीही अट आहे. फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता येण्याविषयीचे नियमही तेथे लागू व्हावयाचे असून, अधिक टिकाऊ बॅटऱ्या असलेल्या फोनांना त्यांतून सवलत आहे. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये फोन व टॅब्लेट यांच्यासाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाची शिफारस केली. सुटे भाग वाजवी मुदतीत मिळणे व परिचालन प्रणालीच्या नव्या आवृत्त्या मिळणे हे गुणांकनाचे निकष तीत सुचविले असून, प्राधान्याच्या भागांच्या यादीत बॅटरी व पुढचा-मागचा कॅमेरा यांचा समावेश आहे.