हायड्रोची धाकटी बहीण

बोईसर-तारापूर पट्ट्यातलं कुंभवली हे औद्योगिक वसाहतीला खेटून असलेलं गाव. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ साली व्यापारी वीज मिळू लागली. त्याआधी, १९६२ साली, राज्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, ही संस्था स्थापन झाली होती. पुढे तिच्या भूखंडांवर कापड, रसायनं, औषधांचा कच्चा माल, पोलाद यांचे कारखाने इथे उभे राहिले. शेती आणि मासेमारीच्या मुलखात तीन पाळ्या आल्या, भाड्याच्या खोल्या आल्या आणि कालांतराने त्या खोल्यांच्या मोरीशेजारी दोन टबांचं वॉशिंग मशीनही आलं. त्यातल्या लहान टबाला घरोघर ‘ड्रायर’ म्हणतात. दुरुस्तीवाल्याकडे जाणारी एक ठरलेली तक्रार त्याचीच असते: धुतंय नीट, पण ड्रायर फिरत नाही.

हा ड्रायर मुळात घरासाठी जन्मलेला नाही. ओलं कापड भोकं पाडलेल्या टोपलीत भरायचं आणि टोपली गरगर फिरवायची, ही युक्ती एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कापडधंद्यात रुळली. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टनने तीच साखरेला लावली. टोपलीत साखरेचे दाणे राहतात, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते. प्रवरानगरला १९५०-५१ मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. तिथेही साखर मळीपासून वेगळी झाली ती याच तत्त्वाने.

तारापूरला या यंत्राची दोन रूपं नांदतात. कापडाच्या प्रोसेस हाउसमधलं ‘हायड्रो’, म्हणजे हायड्रो-एक्स्ट्रॅक्टर, रंगवलेल्या मालातलं पाणी काढतं. औषधांच्या कारखान्यातलं ‘सेंट्रिफ्यूज’ स्फटिक आणि मदर लिकर, म्हणजे स्फटिक बनल्यावर उरलेलं द्रावण, वेगळे करतं. रात्रपाळीत सेंट्रिफ्यूज चालवून आलेला कामगार सकाळी घरी त्याच यंत्राच्या धाकट्या बहिणीत गणवेश पिळतो, हे सहसा त्याच्या लक्षातही येत नसावं.

बहीण धाकटी असली तरी नाजूक नाही. सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर मिनिटाला साधारण १,३०० फेरे घेतो. टोपलीची त्रिज्या बारा सेंटिमीटर धरली, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपटीहून जास्त जोर पडतो. पालघरच्या किनाऱ्यावर जूनपासून चार महिने दोरीवर काही वाळत नाही. तिथे या जोराचं मोल कुणाला सांगायला नको. पूर्वीच्या औरंगाबादमधल्या व्हिडिओकॉन कंपनीच्या दूरदर्शनवरच्या जुन्या जाहिरातीतही मशीन कपडे वाळवतंसुद्धा, याची प्रौढी होती. शिवाय नळाला पाणी ठरल्या वेळीच येतं अशा घरात बादलीने भरता येणारं सेमी-ऑटोमॅटिकच सोयीचं. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला धुणं होईपर्यंत नळाला पाणी असावं लागतं.

एवढ्या वेगाने फिरणाऱ्या टोपलीत हात गेला तर काय होतं, हे कारखान्यांनी घरांच्या कितीतरी आधी पाहिलं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाने धोकादायक यंत्रभागांना संरक्षक आवरण सक्तीचं केलं. त्याखालच्या नियमांनुसार सेंट्रिफ्यूजला भक्कम झाकण हवं आणि ते इंटरलॉकने यंत्राशी जोडलेलं हवं: टोपली फिरत असेपर्यंत झाकण उघडता कामा नये. घरगुती ड्रायरने ही शिस्त स्वस्तात उचलली. झाकण उघडलं की एक छोटा स्विच मोटरची वीज तोडतो आणि तारेने बांधलेला ब्रेक लागतो.

म्हणूनच न फिरणारा ड्रायर पुष्कळदा बिघडलेला नसतो, नियम पाळत असतो. झाकण अर्धवट बसलेलं असतं किंवा स्विचची पट्टी वाकलेली असते. ब्रेकची तार सैल पडली, तर झाकण लावल्यावरही ब्रेक सुटत नाही. मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. ब्रेक मोकळा असूनही गुणगुण चालूच राहिली तर संशय मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या कपॅसिटरवर. पायमोजा टोपलीच्या कडेवरून खाली घसरून बाहेरच्या टबात अडकला, तरी सगळं ठप्प होतं. एका बाजूला ओली चादर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं भरलं की टोपली थडाथडा आपटते. सेंट्रिफ्यूजवरच्या ऑपरेटरला हे शिकवावं लागत नाही. माल टोपलीत सारखा पसरवणं हे त्याचं पहिलं काम.

कपॅसिटर उघडण्याआधी प्लग काढायचा आणि कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेचा निचरा होऊ द्यायचा, हे जाणकार कारागीर न सांगता करतो. पण तोच कारागीर घाईत असला की स्विच बदलण्याऐवजी त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून ‘डायरेक्ट’ करून देतो. ड्रायर लगेच फिरतो, गिऱ्हाईक खूश, आणि पुढे उघड्या झाकणानेही मोटर चालू राहते. कारखान्यात सेंट्रिफ्यूजचा इंटरलॉक असा डायरेक्ट केला तर फॅक्टरी इन्स्पेक्टर मालकाला जाब विचारू शकतो. मोरीत यायला इन्स्पेक्टर नाही. स्विच नवा बसवून घ्यायला घरच्यांनीच सांगायला हवं.