औषधाच्या आधीचा उतारा

ऑक्सफर्डच्या इस्पितळात १२ फेब्रुवारी १९४१ रोजी एका पोलीस शिपायाला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. मरणपंथाला लागलेला तो माणूस काही दिवसांत जेवू लागला. औषध इतकं तुटपुंजं की त्याच्याच लघवीतून परत काढून त्याला द्यावं लागे. साठा संपला, दुखणं उलटलं आणि मार्चमध्ये तो गेला. पेनिसिलिनच्या उपचाराच्या गोष्टी बहुधा इथून सुरू होतात. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचं कूळ शोधायचं, तर थोडं आणखी मागे जावं लागतं.

२८ डिसेंबर १९४०च्या ‘नेचर’मध्ये त्याच ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्रहॅम आणि अर्न्स्ट चेन यांचं एक टिपण छापून आलं. त्यांनी आतड्यातले कोलाय जंतू यंत्रात भरडून त्यांचा अर्क काढला होता. तो पेनिसिलिनमध्ये मिसळला की पेनिसिलिनचा गुणच जाई. अर्क तापवून मिसळला, तर मात्र पेनिसिलिन शाबूत राही. तेव्हा हे विकराचं, म्हणजे एन्झाइमचं काम, हे उघड होतं. त्यांनी त्याला नाव दिलं पेनिसिलिनेज. रोग्याला औषध टोचायच्या आधीच त्याचा उतारा सापडला होता!

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं. जंतू आपली भिंत बांधत असताना ती जोडणाऱ्या प्रथिनाला हे कडं जाऊन चिकटतं. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. पेनिसिलिनेज पाण्याच्या रेणूच्या मदतीने ते कडंच फोडतं, मोकळं होतं आणि पुढच्या रेणूकडे वळतं.

जंतूंकडे हे आलं कुठून? बुरशी आणि मातीतले जंतू एकमेकांवर असली रसायनं युगानुयुगं सोडत आले आहेत. कॅनडाच्या युकॉनमधल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना निकामी करणारी जनुकं सापडली. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झालं. मातीतल्या या जुन्या भांडणातलं एका बाजूचं हत्यार आपण उचललं, आणि ढाली समोर तयारच होत्या.

आपण काय केलं, ते लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळातल्या मेरी बार्बर यांनी मोजलं. पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जंतू १९४६ साली सुमारे १४ टक्के होते, १९४७ साली ३८ आणि १९४८ साली ५९. साधे जंतू औषधाने मरत गेले आणि पेनिसिलिनेजवाल्यांना रान मोकळं मिळालं. ‘अंगाला औषधाची सवय झाली’ असं आपण सर्रास म्हणतो; अंगाचा त्यात काही संबंध नसतो. आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं पेनिसिलिन १९५५ साली निघू लागलं, तेव्हा ही आकडेवारी जुनी झाली होती.

पुढे जपानात आणखी एक गोष्ट कळली. हगवणीचे जंतू एकदम चार-चार औषधांना दाद देईनात. औषधांना दाद न देण्याची ही जनुकं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर बसून एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातात, असं १९५९च्या सुमारास दिसलं. म्हणजे हा वारसा नुसता बापाकडून मुलाकडे जात नाही, शेजाऱ्यालाही मिळतो.

औषधं फोडणाऱ्या विकरांच्या या कुळातलं गाजलेलं अपत्य आपल्याकडचं. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते आढळलं आणि एनडीएम-१ या नावात नवी दिल्ली कायमची अडकली. नावावरून आपल्याकडे बराच आरडाओरडा झाला. त्याहून काळजीची गोष्ट २०११ साली छापून आली: दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१पैकी ५१ नमुन्यांत त्याचं जनुक होतं. ही ढाल कार्बापेनेम ही शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली औषधंही फोडते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगात थेट १२.७ लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे. सिझेरियन, केमोथेरपी, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं याच औषधांच्या भरवशावर चालतं.

एनडीएम जस्ताच्या अणूंच्या बळावर काम करतं. अझ्ट्रिओनाम हे जुनं औषध त्याला फोडता येत नाही; पण एनडीएम असलेल्या जंतूत बहुधा जस्ताशिवाय चालणारे त्याचे चुलत भाऊही असतात, आणि ते अझ्ट्रिओनामचा फडशा पाडतात. म्हणून आता त्याच्या जोडीला अविबॅक्टम देतात. ते त्या भावांना अडवून धरतं.