चित्राची कड: धातूच्या ब्लॉकपासून क्लिपिंग पाथपर्यंत

छायाचित्रातील आकृती तिच्या पार्श्वभूमीपासून सोडवून घेण्याची गरज संगणकापेक्षा बरीच जुनी असून, छायाचित्रे छापता येऊ लागली तेव्हापासूनच ती मुद्रकांना भेडसावत आली आहे. म्युनिकच्या गेऑर्ग मायझेनबाख यांनी १८८२ मध्ये पेटंट घेतलेल्या हाफटोन पद्धतीत गडद-फिकट छटांचे लहानमोठे ठिपके करून ते धातूच्या पत्र्यावर उतरवले जात. अशा पत्र्यापासून तयार होणारा ठसा, म्हणजे छापखान्याच्या भाषेतला ब्लॉक, मुळात चौकोनी असल्यामुळे माणसाबरोबर त्याच्यामागची भिंतही कागदावर उमटे. नुसता माणूस हवा असेल, तर कारागीर त्याच्या कडेने भोवतालचा धातू कोरून काढी आणि त्या खोलगट जागेला शाई लागत नसल्याने तेथे कोरा कागद राही. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ज्या ब्लॉकमेकिंगच्या व्यवसायात होते, त्यातलेच हे कसब होते. मात्र एकदा कोरलेला धातू परत भरून येत नसल्याने हात घसरला की ब्लॉक वाया जाई.

ऑफसेट छपाईच्या काळात हे काम धातूवरून फिल्मवर आले. पारदर्शक पॉलिस्टरवर तांबडा, सोलून काढता येणारा थर असलेली रुबिलिथ नावाची फिल्म चित्रावर अंथरून, कारागीर पात्याने फक्त वरचा थर कापी आणि नको तेवढा भाग सोलून टाकी. तांबडाच रंग निवडण्याचे कारण असे की छापखान्यात वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नाही. त्यामुळे कारागिराला ज्या थरातून खालचे चित्र स्पष्ट दिसे, तोच थर फिल्मच्या लेखी काळाकुट्ट ठरे. या पद्धतीचे महत्त्व असे की पाते मूळ चित्राला न लागता त्याच्यावरच्या आवरणाला लागे, आणि आवरण बिघडले तर दुसरे कापता येई.

हेच तत्त्व पुढे गणिती भाषेत मांडले गेले. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अडोबी कंपनीने १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा आणली. तिच्यात आकृतीची कड बिंदू आणि वक्ररेषांनी सांगितली जाते व तिला पाथ म्हणतात. ज्या बंद पाथच्या आतलेच रंगकाम दिसावे आणि बाहेरचे झाकले जावे, तो क्लिपिंग पाथ होय. ‘ठ’ या अक्षराच्या पोटात असते तशी पोकळी चित्रात हवी असेल, तर एका कडेच्या आत दुसरी कड काढावी लागते, आणि दोहोंमधला कोणता भाग ‘आत’ मानायचा यासाठी दोन नियम आहेत. पहिल्या नियमात बिंदूपासून बाहेर काढलेली सरळ रेषा कडांना किती वेळा छेदते ते मोजतात व संख्या विषम आली तर बिंदू आत मानतात. दुसऱ्या नियमात कडेची दिशाही पाहतात: एका बाजूने येणाऱ्या कडेसाठी एक मिळवायचा, उलट बाजूने येणाऱ्या कडेसाठी एक वजा करायचा आणि बेरीज शून्य आली तर बिंदू बाहेर समजायचा. म्हणूनच दोन्ही कडा एकाच दिशेने काढल्या, तर दुसऱ्या नियमानुसार पोकळी न पडता ती जागा भरून जाते.

१९८७ मध्ये आलेल्या अडोबीच्याच इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरने या वक्ररेषा चित्रकाराच्या हाती दिल्या, तर ओटावाच्या कोरेल कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणलेल्या कोरलड्रॉमध्ये पुढे आलेली, चित्र एखाद्या आकाराच्या आत बसवणारी पॉवरक्लिप ही सोय महाराष्ट्रातील डीटीपी आणि फ्लेक्सच्या दुकानांत रोजच्या वापरातली झाली. परंतु क्लिपिंग पाथला फक्त ‘दिसते’ आणि ‘दिसत नाही’ एवढेच कळत असल्याने भुरभुरणारे केस किंवा धूर त्याला पेलत नसे. यावरचा उपाय चलच्चित्रांच्या क्षेत्रात आधीच निघाला होता. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७७ च्या सुमारास प्रत्येक चित्रबिंदूला रंगाबरोबर अपारदर्शकतेचे मूल्य देणारी अल्फा चॅनेलची कल्पना मांडली, आणि थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये अशा चित्रांना एकमेकांवर बसवण्याचे गणित सिद्ध केले. पोस्टस्क्रिप्टने मात्र प्रत्येक रंग अपारदर्शकच मानल्यामुळे छपाईच्या जगाला अंशतः पारदर्शकतेसाठी पीडीएफच्या २००१ मधील १.४ या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या वेबवरील स्वरूपात क्लिप आणि मास्क शेजारी शेजारी आले; मास्कमधील पांढऱ्या भागाखालचे चित्र पूर्ण दिसते, काळ्याखालचे लपते आणि करड्याखालचे अंधुक होते. २००३ मध्ये सुरू झालेल्या इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरचा पाया एसव्हीजी हाच असल्याने त्यातही हे दोन्ही मार्ग मिळतात.

ब्लॉकमधला धातू कोरला की कायमचा जाई. क्लिप किंवा मास्क काढून टाकला की मूळ चित्र जसेच्या तसे परत येते. चुका सुधारण्याची ही मुभा मोठी असली, तरी तिच्यामुळे फाइलचा आकार आपोआप कमी होत नाही, आणि क्लिपच्या बाहेर ठेवलेला चेहरा किंवा पत्ता फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला उघडून पाहता येतो. जे खरोखरच काढून टाकायचे आहे, त्यासाठी आजही चित्र कायमचे कापावेच लागते.