तळटीप १ : ‘नोह्’ आणि त्याची भावंडं
१. नोह् : एस्टोनियन बोलण्यातला हा शब्द संवादांत आम्ही मुद्दाम तसाच ठेवला आहे. त्याला एकच एक अर्थ नाही. वाक्याआधी आला तर ‘हं, तर...’, मधेच आला तर ‘म्हणजे...’ आणि समोरचा गप्प बसला असताना चढ्या सुरात आला तर सरळ ‘मग? बोल की!’ त्याची भावंडं मात्र मराठीत आणली आहेत. ‘सा तुलेद’ म्हणजे ‘तू येतोस’ (किंवा ‘येतेस’, एस्टोनियनला व्याकरणिक लिंगच नाही). त्यात ‘यु’ घातला की ‘तू येतोयस ना’, म्हणजे हे दोघांनाही ठाऊक आहे, आता शंका कसली! शेवटी ‘वॅ’ लावला की ‘येतोस का?’ लेखी भाषेत त्यासाठी वाक्यारंभी ‘कास’ येतो. ‘वॅ’ हा बोलण्यातलाच, जरा सैल. तो ‘वइ’ म्हणजे ‘किंवा’ या शब्दापासून झिजून आला. ‘क्युल’साठी आपला ‘की’ आहेच : ‘मा तुलेन क्युल’ला ‘मी येतो की’ इतकं चपखल भाषांतर क्वचितच सापडतं. ‘कूले’ मूळचं आज्ञार्थी क्रियापद, ‘ऐक’. पण ऐकायला सांगण्यापेक्षा विषय काढायला अधिक वापरतात, आपल्या ‘अगं ऐक ना’सारखं. अशा क्रियापदांचे अव्ययांसारखे वापर कसे रुळतात, यावर लेलो केवाल्लिक यांचा २००३चा प्रबंध आहे.