अरण्य, अराज्य आणि खानदेश

रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या निधनानंतरचा एक प्रसंग आहे. राजा गेला, राम वनात, भरत आजोळी. अशा वेळी ब्राह्मण आणि मंत्री वसिष्ठांपुढे जमतात आणि राजावाचून देशाची काय दशा होते ते एकामागून एक सांगू लागतात. चोरांचे फावते, व्यापारी वाट चालत नाहीत, हे तर त्यात आहेच. पण त्या यादीच्या आरंभीच असे म्हटले आहे की, राजा नसलेल्या देशात मेघही पाऊस पाडीत नाही. राज्य आहे म्हणून निसर्ग सुरळीत चालतो, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे. 'अराजक' ह्या शब्दाने आपण दचकतो ते उगाच नाही.

ह्याच्या नेमके उलट सांगणारा एक विचारप्रवाह पश्चिमेकडे गेल्या दीडशे वर्षांत वाढला. त्यास आपण हरित अराज्यवाद म्हणू. मी मुद्दाम 'अराज्य' म्हणतो. कारण बेबंदशाही ह्या मंडळींसही नको होती. त्यांचा आक्षेप वरून लादलेल्या सत्तेवर होता. ह्या विचाराचे दोन आद्य पुरुष, फ्रान्सचा एलिझे रक्ल्यू आणि रशियाचा पीटर क्रोपोट्किन, हे दोघेही भूगोलज्ञ होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. क्रोपोट्किन हा सरदारकुळात जन्मलेला. तरुणपणी तो सैबेरियात संशोधनासाठी हिंडला. तेथल्या जीवघेण्या थंडीत प्राणी एकमेकांस धरून कसे तगतात हे त्याने पाहिले आणि १९०२ साली परस्पर साहाय्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पुस्तकरूपाने सिद्ध केला. पुढे अमेरिकेत मरे बुकचिन ह्याने १९६४ साली ह्या विचाराची पर्यावरणाशी थेट गाठ घातली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माणूस आधी माणसावर स्वामित्व गाजवू लागला आणि तीच खोड पुढे निसर्गापर्यंत पोहोचली. तेव्हा माणसामाणसांतील उच्चनीचता न मोडता जंगल वाचवू म्हणणे व्यर्थ होय. ह्याच्याही पुढे जाऊन जॉन झर्झान ह्यांच्यासारखे काही लेखक शेतीलाच सर्व अनर्थाचे मूळ मानतात. केळीच्या बागांनी वेढलेल्या यावलमध्ये ते मत मांडण्याचे धाडस मी करणार नाही. आणि खरे सांगायचे तर ते मला पटतही नाही. परंतु क्रोपोट्किन-बुकचिनांचे म्हणणे आपल्या खानदेशाच्या इतिहासावर घासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम पांझरेकाठी जाऊ. साक्री आणि धुळे तालुक्यांत, तसेच शेजारच्या बागलाणात मोसम-आरमच्या काठी, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर चुन्या-दगडाचा लहानसा बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार भाग. त्यांस फड म्हणतात. एका फडात एका हंगामी एकच पीक. ऊस ह्या वर्षी ह्या फडात, तर पुढे दुसऱ्या फडात. शेतकऱ्याची जमीन बहुधा सर्व फडांत थोडी थोडी विखुरलेली. ह्यातली खुबी पाहा. पाणी कमी आहे असे दिसले, तर गाव मिळून एक फड कोरडा ठेवी. आणि प्रत्येकाचा तुकडा त्या फडात असल्यामुळे टंचाई सर्वांच्या वाट्यास सारखी येई. पाणी देण्यास पाटकरी, पिकावर नजर ठेवण्यास जागल्या, देखरेखीस हवालदार. त्यांस मोबदला धान्यरूपाने. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ काढण्यास सर्वांनी यायचे. ह्या पाण्याची वाटणी कोणा सुभेदाराने किंवा कलेक्टराने घालून दिली नाही. राज्ये बदलली, मोगल गेले, पेशवे गेले, इंग्रज आले. पाटकऱ्याचा फावडा चालूच राहिला. क्रोपोट्किनाने युरोपातील मध्ययुगीन गावांत जे शोधले, ते पांझरेकाठी त्याच्या हयातीत जिवंत होते. पुढे नद्यांवर वर मोठी धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, ज्याच्या त्याच्या शेतात ज्याचे त्याचे पाणी आले आणि अनेक फड मोडले.

आता जंगलाकडे वळू. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुड्यातल्या भिल्लांना बंदुकीने वठणीवर आणता येईना, म्हणून १८२५ साली आउट्रमने धरणगावी त्यांचीच पलटण उभारली. माणसे अशी ताब्यात आली. झाडांची पाळी मागाहून आली. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी डोंगर 'राखीव' झाले. काल ज्या रानातून लाकूडफाटा, मोह, डिंक आणायचा, तेथे आज पाऊल टाकणे गुन्हा ठरला. राखीव कोणासाठी? आगगाडीच्या रुळांखाली सागाचे स्लीपर लागत होते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगल खात्याने गायराने आणि डोंगर बळकावून गरिबाच्या शेळीलाही चरण्यास जागा ठेवली नाही म्हणून कोरडे ओढले आहेत. ह्या कायद्याचा खोल परिणाम मला असा दिसतो की, रान 'आपले' होते ते 'सरकारचे' झाले. आणि सरकारचे म्हटल्यावर त्याची राखण करण्याची लाज-भीड उरत नाही. गार्डाची नजर चुकली की कुऱ्हाड चालते. जंगल खात्याने झाडांभोवती पहारा बसविला, पण झाडांचा जुना राखणदार त्या पहाऱ्याने घालविला.

ह्यावर उपाय म्हणून गावाच्या हाती सत्ता, हा विचारही आपल्या ह्याच भूमीत मोठ्याने बोलला गेला. डिसेंबर १९३६ मध्ये ह्याच तालुक्यातल्या फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नगराची सजावट नंदलाल बोसांची, तीही बांबू आणि गावच्या कारागिरांच्या सामानातून. ही कल्पना गांधीजींची, आणि तिच्यामागे स्वयंपूर्ण ग्राम हाच राष्ट्राचा पाया ही त्यांची श्रद्धा होती. त्याआधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वश्रुत आहे. हेच विनोबा पुढे भूदान-ग्रामदानाच्या काळात 'शासनमुक्त' समाजाची भाषा बोलू लागले. शासनहीन आणि शासनमुक्त ह्यांत ते भेद करीत: पहिल्यात शिस्तच नसते, दुसऱ्यात ती आतून येते. सातपुड्याच्या पश्चिम टोकाला अक्राणी महालातील अनेक गावांनी त्या काळात ग्रामदानाचा संकल्प केला. १९६४ साली महाराष्ट्राने ग्रामदानाचा कायदाही केला. पण कायदा पुस्तकात राहिला आणि संकल्प बहुतेक ठिकाणी विरला.

का विरला? ह्याचे उत्तर देताना आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस टाळून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत त्यांनी ग्रामराज्याच्या गोडव्यांवर कठोर प्रहार केला. त्यांच्या लेखी गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर. हा आक्षेप फडालाही लागू पडतो. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्यास पाटाच्या पाण्यावर कसला हक्क? राज्य दूर गेले म्हणजे सत्ता नाहीशी होते असे नाही. ती गावच्या दांडग्याच्या ओसरीवर येऊन बसते. बुकचिनचे निम्मे सूत्र येथे खरे ठरते: उच्चनीचता मोडल्यावाचून निसर्ग सुटत नाही. पण ती मोडण्यासाठी गावाबाहेरचा कायदा लागतो, हे त्याने पुरेसे ओळखले नाही असे मला वाटते.

तरीही गावाने रान राखल्याची साक्ष ह्या खानदेशातच मिळते. साक्री तालुक्यातले बारीपाडा हे कोकणी आदिवासींचे लहानसे गाव. १९९० च्या सुमारास भोवतालचे डोंगर बोडके झाले होते, झऱ्यांचे पाणी आटले होते, माणसे कामासाठी बाहेर जात होती. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने स्वतःचे नियम केले: झाड तोडले तर दंड, बैलगाडी रानात न्यायची नाही, आणि राखण गावकऱ्यांनीच करायची. सुमारे ४४५ हेक्टर रान पुन्हा उभे राहिले, पाणी परत आले. २०२५ साली पवारांस पद्मश्री मिळाली. ह्या गावाचा नियम फडाच्या नियमासारखाच आहे. ज्यांना नियम मोडल्याचा चटका बसणार, त्यांनीच तो केला.

आपल्या डोक्यावरच्या सातपुड्याचे काय? १९६९ साली यावल अभयारण्य घोषित झाले. सुमारे १७७ चौरस किलोमीटर. त्यात आणि त्याच्या कडेला पावरा आणि तडवी वस्त्या आहेत. एकीकडे अतिक्रमण, दुसरीकडे निष्कासनाची भीती, अशा ओढाताणीत येथे झाडेही गेली आणि माणसेही भरडली. खाली आपल्या केळीच्या बागा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, ज्यास भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात, त्यातून डोंगरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि तेच आपल्या विहिरींस येते. वरचे रान उघडे पडले की पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावते. वर्षागणिक नलिका खोल जाताहेत, हे येथील शेतकऱ्यास मी सांगायला नको. म्हणजे वरच्या पावऱ्याचे आणि खालच्या बागायतदाराचे पाणी एकच. फड मात्र एक नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामूहिक हक्कांबरोबर रान राखण्याचा अधिकारही दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा ह्या गावाने २००९ साली असा हक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः करून दाखविला. येथे राज्य नाहीसे झाले नाही; त्याने हक्काची हमी दिली आणि रोजचा कारभार सोडून दिला. फुले आणि आंबेडकर ह्यांचे आक्षेप पचवून विनोबांचा मार्ग जर कोठे पुढे जात असेल, तर तो ह्याच दिशेने जातो.

अयोध्येच्या त्या मंत्र्यांना राजावाचून पाऊस पडणार नाही असे वाटले. पाऊस राजा असतानाही पडतो, नसतानाही पडतो. पडलेला पाऊस गावच्या जमिनीत राहतो की तापीतून वाहून जातो, एवढेच माणसांच्या हाती आहे. आणि ते ठरविताना सातपुड्यावरच्या माणसास बैठकीस बोलवायचे की नाही, हे आपल्या यावलकरांच्या हाती आहे.