पत्नींना उद्देशून...

दारू सुटण्याचा इतिहास वाचायला घेतला की 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'पाशी यावंच लागतं. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन पिणारे भेटले, आणि एकमेकांच्या आधाराने सावरले. १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. उपशीर्षकात काय, तर शंभराहून अधिक 'पुरुष' दारूतून कसे बरे झाले त्याची कथा!

त्यात एक प्रकरण आहे, 'पत्नींना उद्देशून'. सगळं एखाद्या बायकोनेच सांगावं तसं. लिहिलं मात्र बिलने. त्याच्या बायकोला, लोइसला, ते लिहायचं होतं. दुकानात नोकरी करून तिनेच तर घर चालवलं होतं! पण नाहीच मिळालं तिला.

म्हणजे गृहीत काय होतं? पिणारा तो, वाट बघणारी ती. तो सुधारून येईल तेव्हा घर जागेवर असेल.

पण पिणारी तीच असेल तर?

मार्टी मान तशी होती. १९३९ मध्ये ती कनेक्टिकटच्या एका सॅनिटोरियममध्ये असताना डॉ. हॅरी टीबाउट यांनी तिला या पुस्तकाची टंकलिखित प्रत वाचायला दिली. ती या गटात आली, काही वेळा घसरली, पुन्हा उभी राहिली. १९४४ मध्ये तिने एक संस्था काढली आणि 'दारूचं व्यसन हा आजार आहे, मलाही तो होता' असं जाहीरपणे सांगत देशभर फिरली. त्या काळात, एका बाईने!

पुढे जीन कर्कपॅट्रिक आली. तिचं म्हणणं असं की पुरुषाला अहंकार सोडायला सांगणं ठीक, पण बाई आधीच अपराधीपणाने वाकलेली असते. तिला आणखी काय वाकवायचं? म्हणून १९७५ मध्ये तिने फक्त स्त्रियांसाठी वेगळा गट काढला. भर स्वतःची किंमत ओळखण्यावर.

नंतरच्या संशोधनातूनही असंच काहीसं पुढे आलं. बायका उपचारांपर्यंत कमी पोचतात, पण पोचल्या की केवळ बाई आहे म्हणून निकाल वाईट लागत नाही. फरक पडतो तो घरी परतल्यावर. लग्न पुरुषाला बऱ्याचदा सावरतं. बाईच्या बाबतीत मात्र अनेकदा घरातला जोडीदारच पिणारा असतो.

आपल्याकडेही क्रम तोच. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट झाला. व्यसनी स्त्रियांसाठीचा 'निशिगंध' विभाग यायला बरीच वर्षं जावी लागली.

'तो आता अजिबात घेत नाही हं' हे वाक्य आपण लग्नकार्यात कौतुकाने ऐकतो. 'ती आता घेत नाही' असं कुणी सांगितलेलं आठवतंय? तिचं पिणंच लपवलेलं असतं, मग सुटल्याचं कौतुक कोण करणार? आणि कौतुकाशिवाय तिने एकटीने किती दिवस तग धरायचा?